काकूंचं गाढव

हाताशी आलेली वस्तू वाया घालवणं हा जगातला एकमेव अक्षम्य गुन्हा आहे असं मानणारी माणसं विदर्भात पुष्कळ असतील; पण त्या तत्त्वापायी पन्नाशी उलटल्यावर थेट चित्रकला महाविद्यालयात दाखल झालेली व्यक्ती अख्ख्या नागपुरात एकच, आणि ती म्हणजे आमच्या वर्गातल्या काकू. झालं होतं असं की, काकूंच्या भाचीसाठी प्रवेशाचा फॉर्म आणला होता. भाचीला ऐनवेळी पुण्यात इंजिनीअरिंगला जागा मिळाली आणि ती गेली. कोरा फॉर्म मागे राहिला. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या काकूंनी तो फॉर्म दोन-चार दिवस टीव्हीखाली पडलेला पाहिला, त्यांच्या जिवाची घालमेल झाली, आणि शेवटी त्यांनी तो स्वतःच भरून टाकला. प्रवेश परीक्षेत पास झाल्यावर तर प्रश्नच मिटला. ‘आता सीट भेटली हाय तं सोडावी कशी?’ हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं कारण. पुढे चार वर्षांत मी खोदूनखोदून विचारलं, तरी दुसरं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

हजेरीपटावर आमची नावं शेजारीशेजारी होती, म्हणून टेबलही एकच वाट्याला आलं. त्या टेबलावर माझा हक्क पाव भागावर. उरलेल्या जागेत काकूंचा संसार असे. पेन्सिलीला टोक केलं की निघणाऱ्या सालपट्या एका बरणीत जात, कारण त्या म्हणे गुलाबाच्या कुंडीला चांगल्या. ब्रश धुतलेलं गढूळ पाणी त्या फेकू देत नसत; त्या पाण्याने कागद रंगवून ठेवत आणि ‘आभाळाले लागन कधी’ म्हणत. हजेरी घेताना बाकीचे सगळे ‘येस सर’ असं पुटपुटत असताना काकूंचा ‘हाजिर जी!’ एवढा खणखणीत निघायचा की पलीकडच्या वर्गातली मुलं दचकून वर बघायची. व्यक्तिरेखाटनाच्या तासाला एक म्हातारे गृहस्थ आमच्यासमोर स्टुलावर बसायला यायचे. त्यांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम. काकूंना तो नियम माणुसकीला धरून वाटला नाही. ‘मान अवघडली असन नं जी तुमची?’ असं विचारत त्यांनी पहिल्याच दिवशी त्या गृहस्थांचं गाव काढलं, मुलं काढली, गुडघ्यांचं दुखणं काढलं आणि घरून आणलेलं तेलही काढलं. आम्हा सगळ्यांच्या कागदांवर त्या दिवशी एक गंभीर, उदास म्हातारा उतरला. एकट्या काकूंच्या कागदावरचा म्हातारा तोंड भरून हसत होता. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बराच खाली गेला होता, पण हसत होता.

काकूंचा डबा हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय. त्याला डबा म्हणणं म्हणजे नुसती सवय. ती एक पिशवी होती, आणि तिच्यातून गोळाभात, पाटवड्या, ज्वारीच्या भाकरी, ठेचा असं एकामागून एक निघत राहायचं. वसतिगृहात राहणाऱ्या वर्गातल्या पोरांची नावं त्यांना भाज्यांवरून लक्षात राहत. ‘तो वांगं न खाणारा कुठं गेला?’ असं त्या विचारत. शिल्पकलेचे आमचे सर वयाने काकूंच्या मुलाएवढे, काटकुळे आणि फार कडक. विद्यार्थ्यांच्या डब्यातलं खायचं नाही, हे त्यांनी स्वतःला घालून घेतलेलं बंधन. काकू रोज विचारायच्या, सर रोज ‘नको’ म्हणायचे, आणि मग काकू आम्हाला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या, ‘म्हणूनच असे दिसते.’

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर या सरांनी आम्हाला शेवटचं काम दिलं. जोडीजोडीने एक प्राणी करायचा. प्रत्यक्षाएवढा मोठा. साहित्य फक्त पुठ्ठा आणि चिकटवायला गोंद. आत तार नाही, लाकूड नाही, काठी नाही. परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसमोर तो आपल्या चार पायांवर उभा राहिला पाहिजे. ‘उभा राहिला नाही तर?’ एकाने विचारलं. ‘तर तुम्हीही पुढच्या वर्षात जाणार नाही,’ सर म्हणाले. नागपूरच्या पोरांना प्राणी म्हटलं की वाघाशिवाय काही सुचत नाही. वर्गात बघता बघता वाघच वाघ झाले. एका जोडीने बिबट्या घेतला, तो केवळ पट्ट्यांपेक्षा ठिपके सोपे वाटले म्हणून. मीही वाघाचंच चित्र काढून काकूंपुढे ठेवलं. काकूंनी ते चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

‘वाघ पाह्यला तू कधी?’

‘फोटोत पाहिला, काकू.’

‘मंग फोटोतला फोटोत राहू दे. आपण गाढव करू.’

‘गाढव?’

‘आमच्या गावी घराच्या मांगं कुंभाराचं घर होतं. त्याच्या गाढवाले मी रोज शिळी भाकर चारत होती. त्याचे कान कसे हालतात, पोट कसं लोंबते, सारं मले ठाव हाय. डोळे मिटून करून देतो मी.’

डोळे मिटून करून देण्याची तयारी असलेल्या काकूंनी मग पुठ्ठा जमवायला सुरुवात केली. मी शहराबाहेर, वाडी नावाच्या उपनगरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोलीसमोर सगळी मालवाहतुकीची गोदामं. तिथे फ्रीजची, वॉशिंग मशीनची मोठाली खोकी रिकामी पडलेली असतात, एवढं मी सांगायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी काकू दारात हजर. गोदामाच्या चौकीदाराने आधी हात जोडून नकार दिला. काकूंनी त्याला लोणच्याची बाटली दिली, त्याच्या सुनेचं माहेर कोणतं ते विचारलं, ते निघालं काकूंच्या मावशीच्या गावाशेजारचं, आणि मग तो माणूस स्वतः खोकी उलगडून द्यायला लागला. पुठ्ठ्यांचा तो ढीग टेम्पोत भरला. मागे ढिगावर कोणीतरी दाबून बसायला हवं होतं, नाहीतर पुठ्ठे उडतील. मी चढायला निघालो तर काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘तू बसशीन तं तूही उडशीन.’ अमरावती रोडवरून आमची वरात निघाली ती अशी: पुढे ड्रायव्हरशेजारी मी, आणि मागे फ्रीजच्या खोक्यांच्या सिंहासनावर, डोक्यावर काळी छत्री धरून, पदर खोचलेल्या काकू. ट्रकवाले बाजूला होऊन वाट देत होते.

पुठ्ठा ही वस्तू दिसायला गरीब, पण स्वभावाने फार हट्टी. दोन गुळगुळीत पदरांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो. त्या नागमोडीच्या एका दिशेने पुठ्ठा निमूटपणे वाकतो, दुसऱ्या दिशेने वाकवला की मोडतो. सरांनी हे फळ्यावर काढून शिकवलं होतं. काकूंनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण प्रत्यक्षात पुठ्ठा पुढ्यात आला की त्या त्याच्याशी भांडायला लागायच्या. ‘काहून वाकून नाही राहिला गा? काय बिघडते तुह्या बापाचं?’ असं म्हणून त्या गुडघा लावायच्या आणि पुठ्ठा कडकन मोडायचा. आठवडाभर आमचं गाढव म्हणजे टेबलाखालचे तुकडे होते. वाघवाल्यांचे सांगाडे कमरेएवढे वर आले, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखी एक शेपटी तेवढी होती. ती मात्र काकूंनी फार मनापासून केली होती.

मग एक दिवस काकू घरून पोळपाटावरचं लाटणं घेऊन आल्या. पुठ्ठा जमिनीवर अंथरला, बसल्या मांडी घालून, आणि लाटायला लागल्या. आतली नागमोडी दबली, पुठ्ठा मऊ पडला, आणि पाहतो तो काय, गाढवाचं पोट पुरणपोळीसारखं हवं तसं वळायला लागलं! सगळा वर्ग भोवती जमला. वाघवाले लाटणं उसनं मागायला लागले. सरसुद्धा थांबून बघत राहिले. त्यांची भुवई वर गेली. काकूंना त्या दिवशी असा हुरूप चढला की त्यांनी पोट लाटलं, पाठ लाटली, मान लाटली, कान लाटले आणि त्याच भरात चारही पाय लाटले. दोन-तीन दिवसांत आमचं गाढव उभं राहिलं. लोंबतं पोट, एक कान पुढे एक कान मागे, चेहऱ्यावर हापिसात अर्ज घेऊन आलेल्या माणसाचा भाव. काकू त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, ‘तेच हाय.’

एप्रिल लागला होता. नागपूरचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या स्टुडिओच्या खिडकीत एक भलामोठा कूलर होता. त्यात वाळ्याची खस भरली, पाणी सोडलं आणि गार, ओली, सुवासिक हवा खोलीभर फिरायला लागली. आम्ही सुखावलो. पुठ्ठाही सुखावला. ओल्या हवेत तो हळूहळू सैल पडत गेला, आणि ज्या पायांचा कणा आधीच लाटण्याखाली मोडला होता ते तर सगळ्यांत आधी. दुपारची सुट्टी होती. सगळे गोल करून काकूंच्या पिशवीतलं खात होते. अचानक कोणीतरी बोट दाखवलं. गाढवाचे पुढचे गुडघे वाकत होते. पडलं नाही ते, अगदी सावकाश, जाणीवपूर्वक, एखादा थकलेला माणूस ओट्यावर टेकतो तसं टेकलं. मग मान खाली आली, मग मागचे पाय फाकले, आणि शेवटी पोट जमिनीला लागून फुस्स झालं. कोणाच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. मग एकाला हसू फुटलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या काकू. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ‘हाजिर जी’च्या जागी नुसती शांतता पडायची आणि सरही पुढचं नाव घेण्याआधी जरासे अडखळायचे. फोन केला तर ‘बरं नाही गा’ म्हणून ठेवून देत. शेवटी मी गाडी काढली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसा भागातल्या त्यांच्या घरी गेलो.

फाटकाशी काका भेटले. हे बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. काकूंच्या कॉलेजबद्दल त्यांचं मत कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते त्यांनी कधी दिलं नव्हतं. मला बघून त्यांनी वर्तमानपत्र घडी करून काखेत घातलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘बरं झालं आलास. रोज सकाळी उठून पूर्ण डबा करते. पिशवी भरते. मग आम्ही दोघं ते दोन्ही वेळा खातो. मला आता जात नाही रे.’

काकू आत कैऱ्या उकडत होत्या. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागल्या.

‘त्या दिवशी घरी आली, तं तुमच्या काकाइनं इचारलं, काय झालं? म्या म्हटलं, गाढव बसलं. त्याइनं हासायले पाह्यजे होतं का नाही? मी तं हासतच सांगून राहिली होती. पण नाही हासले. गपचूप चहा करून आणला. तवा मले समजलं.’

‘काय समजलं?’

‘का हे मले लागलं. लय लागलं.’ त्यांनी कैरीची साल ओढून काढली. ‘तुम्ही पोट्टे नापास झाले तं पुढच्या साली पास होसान. लोक म्हणतीन, पोरगं हाय. मी नापास झाली तं लोक काय म्हणतीन? का बाईचं डोकं फिरलं होतं, आता ठिकाणावर आलं. म्हणून म्हटलं, आपणच घरी बसलेलं बरं.’

वय हा नुसता आकडा आहे वगैरे वाक्यं येताना रस्त्यात मी जुळवली होती, ती त्या उकडलेल्या कैऱ्यांच्या वासात अगदीच पुचाट वाटायला लागली. मग मी जे खरं होतं तेच बोललो.

‘काकू, मार्क दोघांचे आहेत. तुम्ही घरी बसलात तर मीपण नापास. मला एकट्याला गाढव करता येत नाही. मी गाढव जवळून पाहिलंही नाही.’

‘काहून? आरसा नाही का तुह्या खोलीत?’

पण त्या आता माझ्याकडे बघत होत्या.

‘म्हणजे तू तुह्या कामासाठी आला?’

‘हो.’

‘मले समजवाले नाही आला?’

‘नाही.’

‘मंग ठीक हाय,’ असं म्हणून काकूंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की बाहेर काकांनी वर्तमानपत्र उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. ‘मले वाटलं समजवाले आला. समजवणारे लोक मले बिलकुल सोसत नाही.’

दुसऱ्या दिवशी ‘हाजिर जी!’ झालं आणि पलीकडचा वर्ग पुन्हा दचकला. काकूंनी लाटणं पिशवीतून काढलंच नाही. नवे पाय आम्ही न लाटलेल्या पुठ्ठ्याचे केले. नागमोडी उभी ठेवून पट्टीवर पट्टी चिकटवत गेलो. मी कापायचो, काकू चिकटवायच्या आणि प्रत्येक पट्टीला दम द्यायच्या. पण खिडकीतला कूलर घुरघुरतच होता, आणि नव्या पायांनाही त्याची हवा बाधणार हे स्पष्ट होतं. काकूंनी तो बंद करा असं एका शब्दानेही म्हटलं नाही. त्या नुसत्या गाढवाच्या आणि कूलरच्या मध्ये छत्री उघडून बसल्या. तेवढ्याशा छत्रीने काय होणार? वांगं न खाणारा मुलगा थोडा वेळ बघत राहिला, मग उठला आणि त्याने कूलरचं बटण बंद केलं.

नागपूरच्या एप्रिलात कूलर बंद करणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून परीक्षेपर्यंत तो बंदच राहिला. डोक्याला ओले रुमाल बांधून आम्ही काम केलं. काकूंनी प्रत्येकाच्या खिशात ऊन बाधू नये म्हणून एकेक कांदा ठेवायला लावला, आणि उकडलेल्या कैऱ्यांचं पन्हं मोठ्या कॅनमधून यायला लागलं. एकदा सर आत आले आणि दारातच थबकले. ‘कूलर बिघडला का?’

‘नाही सर,’ कोणीतरी म्हणालं, ‘गाढवाला सोसत नाही.’

सरांनी गाढवाकडे पाहिलं, घामाने निथळणाऱ्या वर्गाकडे पाहिलं, छत्री मिटून कोपऱ्यात बसलेल्या काकूंकडे पाहिलं. मग त्यांनी बाही वर सारली, एक पेला घेतला आणि म्हणाले, ‘थोडं पन्हं द्या बघू.’

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक वाघांच्या रांगेतून मान डोलवत आमच्यापर्यंत पोचले आणि उभे राहिले. गाढव उभं होतं. त्यांनी पाठीवर हात ठेवून जरा दाबून पाहिलं. ते तरीही उभं होतं. मग त्यांनी चष्मा सारखा करून काकूंना विचारलं, ‘यामागची संकल्पना काय आहे?’

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत अगदी नम्रपणे म्हणाल्या, ‘संकल्पना नाही जी. गाढव हाय.’

सरांनी खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली. परीक्षक क्षणभर अवघडले आणि मग असे मनापासून हसले की आमच्या गाढवाचे कान हलले. आम्हाला पहिला नंबर नाही मिळाला. तो बिबट्याला गेला, आणि योग्यच गेला. आम्ही व्यवस्थित पास झालो, एवढंच. पण प्रदर्शनाला आलेली लहान मुलं वाघांना वळसा घालून धावत यायची ती आमच्याकडे.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी काका आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी गाढवाभोवती सावकाश एक फेरी मारली, वाकून पाय पाहिले, सरळ झाले आणि म्हणाले, ‘हुबेहूब आहे. कोणाकडे बघून केलं?’

‘घरी रोज दिसते नं,’ काकू म्हणाल्या.

काका हसले. त्या दिवशी घरी न हसलेलं सगळं हसू तिथे एकदम बाहेर आलं असावं, कारण ते बराच वेळ थांबेना. काकू पदर सावरत दुसरीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता तो उन्हाने नव्हता. सुट्टीनंतर कॉलेज सुरू झालं तेव्हापासून काका त्यांना स्कूटरवर सोडायला यायला लागले.

आम्ही सगळे यथावकाश पास होऊन पांगलो. मी पुण्याला प्रदर्शनांचे मांडव सजवणाऱ्या एका कंपनीत लागलो. काकू मात्र गेल्याच नाहीत. पदवी झाल्यावर त्यांनी त्याच कॉलेजात मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. भट्टी नवीन आणली आहे आणि ती अर्धी रिकामीच जाते, हे त्यांना पाहवलं नसावं. मागच्या वेळी नागपूरला आलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. आमच्याच खोलीसारखी खोली, नवीन पोरं, नवीन आवाज. काकूंच्या टेबलाच्या पाव भागावर एक मुलगी अंग चोरून बसली होती आणि भाकर खात होती. मला उगाचच तिचा हेवा वाटला. एखादी जागा आपण सोडली की ती आपली वाट बघत थांबत नाही, हे मला माहीत होतं. पण ती इतकी भरलेली असेल असं वाटलं नव्हतं.

काकूंनी मातीचे हात वर करून मला कोपरानेच जवळ ओढलं, वाळला म्हणून रागावल्या, आणि त्या मुलीकडे वळून मोठ्या ऐटीत म्हणाल्या, ‘हा माहा बॅचमेट.’

मुलगी माझ्याकडे आणि काकूंकडे आळीपाळीने बघत राहिली. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि काकूंनी कोपरानेच मला दाराकडे वळवलं.

‘जा गा आता. आमचा क्लास हाय.’